मदत हवी आहे : पॉटकेट रेड सॉक्सची जुनी तिकिटं, फोटो, आठवणी

मंडळी, ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट या छोट्या शहराच्या मायनर लीग (मुख्य लीगच्या खालच्या स्तरावरच्या) बेसबॉल संघावर मराठीत लेख लिहितेय. संघ 2021 मध्ये शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला गेला, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

लेखाचा गाभा 1981 चा रॉचेस्टर संघाविरुद्धचा सामना. 18 एप्रिलला सुरू झाला, कडाक्याची थंडी, आणि पहाटे चारनंतर 32 इनिंग्जवर (एरवी सामना नऊ इनिंग्जचा असतो) 2-2 असा थांबवला तेव्हा पॉटकेटच्या मॅकॉय स्टेडियममध्ये जेमतेम 19 प्रेक्षक उरले होते! 23 जूनला पुढे सुरू झाला आणि 33व्या इनिंगमध्ये, अवघ्या 18 मिनिटांत, पॉटकेटने 3-2 जिंकला. पुढे दिग्गज ठरलेले वेड बॉग्ज आणि कॅल रिपकन त्यात खेळले होते.

दोन गोष्टी हव्यात. ऐंशी-नव्वदच्या दशकात तिकडे राहिलेल्या कुणाकडे मॅकॉयची तिकिटं, फोटो आहेत का? आणि 'इनिंग'ला मराठीत काय लिहू? 'डाव' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेटच येतं, 33 डाव वाचून वाचक गोंधळेल. 'फेरी' चालेल का?