अनुभव धागा : म्युझिक स्कूलच्या पोरांचा ऑर्केस्ट्रा समोर बसून ऐकलाय का?

आपल्या खान्देशातले कितीतरी आईवडील आता पोराबाळांकडे परदेशात जाऊन येतात. तिकडच्या युनिव्हर्सिटीत संगीत शिकणाऱ्या मुलांचा ऑर्केस्ट्रा ऐकला असेल तर लिहा ना. बडोदा-मुंबईचा अनुभवही चालेल. सुरुवात मीच करते.

भुसावळची आई
मुलगी अमेरिकेत ब्लूमिंग्टनला, इंडियाना युनिव्हर्सिटीत. तिथल्या जेकब्स स्कूल ऑफ म्युझिकचे वर्षाला हजाराच्या वर कार्यक्रम होतात आणि त्यातले बहुतेक फुकट, त्यामुळे संध्याकाळी जेवणं लवकर उरकून जायचं हे ठरलेलंच. सासूबाई सोबत होत्या, स्टेज भरलेलं बघून त्या म्हणाल्या, "बाई वं, कितला पोरं शेतस!" आधी ओबोवाली (ओबो म्हणजे सनईसारखं फुंकायचं वाद्य) एक सूर धरते आणि त्याच्यावर बाकी सगळे आपापली वाद्यं लावून घेतात, मला तर तेव्हाच भरून आलं.

त्या दिवशी ड्वोर्झाक या संगीतकाराची नववी सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली, अनेक भागांची मोठी रचना) होती, न्यूयॉर्कला 1893 मधे पहिल्यांदा वाजलेली. मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं की पूर्ण सिंफनीत झांज एकदाच वाजते, ती पण शेवटच्या भागात आणि हळूच. मग मी त्या झांजवाल्या मुलावरच नजर ठेवून बसले. किती वेळ नुसता मोजत बसलेला, मग सावकाश उठला, झांजा हातात घेतल्या, एकदा वाजवल्या, संपलं. एवढ्यासाठी पोरगं सगळ्या तालमींना आलं असणार, मला त्याचं फार कौतुक वाटलं. त्यांचे बरेच कार्यक्रम नेटवर लाइव्ह दिसतात, जरूर बघा.

नंदुरबारकर
परदेशात नाही गेलो, पण बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात होतो. तिथली संगीतशाळा सयाजीरावांनी 1886 मधे मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू केली. मुलांचा वाद्यवृंद ऐकलाय, सतार, बासरी, व्हायोलिन सगळं खाली बसून. समोर उभं राहून हाताने ताल दाखवणारा कंडक्टर नाही, तबल्याकडे कान लावून सगळे समेवर एकत्र यायचे, मस्त वाटायचं.

धुळ्याचा, सध्या लाइपझिग
इथलं, म्हणजे जर्मनीतलं, म्युझिक कॉलेज मेंडेल्सोन या संगीतकाराने 1843 मधे काढलं. माझं म्हणणं, जमलं तर कॉन्सर्टपेक्षा तालीम ऐका. सर आठ-दहा सुरांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून घेतात, कधी फक्त व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं), कधी फक्त हॉर्न, आणि मग सगळे मिळून वाजवतात तेव्हा आधी ऐकूच न आलेलं काहीतरी एकदम कानावर पडतं.

बँडवाला, चोपडा तालुका
भुसावळच्या ताईंनी लिहिलं म्हणून मोबाइलवर लाइव्ह लावला. मी लग्नाच्या बँडमधे क्लॅरिनेट वाजवतो, वडील पण वाजवायचे, आमच्याकडे वरात म्हटली की तेच. म्हणून डोळे क्लॅरिनेटवाल्या पोरीवरच. तर तिच्याकडे दोन क्लॅरिनेट!! एक हातात, एक समोर खुंटीवर उभं. भाच्याने शोधून सांगितलं, एक बी फ्लॅट पट्टीचं आणि दुसरं ए पट्टीचं, अर्ध्या सुराने खाली, म्हणजे अवघड स्वरात बोटं सोपी पडतात. आम्ही एकाच क्लॅरिनेटवर सगळ्या पट्ट्या काढतो भाऊ, गायक म्हणेल ती, त्यामुळे बोटं वाकडीतिकडी करायची सवयच झालेली आहे. अजून एक बघितलं, दुसरं घ्यायच्या आधी ती त्यात आवाज न काढता फुंकत होती. गार पडलं की सूर उतरतो ना, हे आम्हाला थंडीतल्या लग्नात चांगलंच कळतं, मी पण पहाटे हेच करतो. तिचं बघून लय आनंद झाला.

फक्त एक, ती सगळी पोरं कागदावर बघून वाजवतात आणि आम्ही सगळं कानाने बसवतो. मला ते लिहिलेलं वाचायला शिकायचंय. जळगाव, अमळनेर, चोपडा, कुठेही स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर सूर लिहायची पद्धत) शिकवणारं कोणी माहीत असेल तर इथेच सांगा, सीझन संपला की मी रोज यायला तयार आहे.