‘अलार्म’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: ऑप्टिकल ट्रान्समिशन उपकरणांच्या देखभालीची पुस्तिका मराठीत करते आहे. ‘अलार्म’साठी सगळीकडे ‘इशारा’ लिहिलं, पण तंत्रज्ञ वाचताना अडखळतात. ‘गजर’ घड्याळाचा. आणि ‘एआयएस’ला (अलार्म इंडिकेशन सिग्नल) ‘धोक्याचा संकेत’ चालेल का?

उत्तर: इशारा आपण काही घडण्याआधी देतो, अलार्म बहुतेक वेळा घडून गेल्यावर येतो. म्हणून ते अडखळतात. शिवाय आयटीयू-टी या दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या एक्स.७३३ शिफारशीत तीव्रतेच्या पायऱ्या आहेत: क्रिटिकल, मेजर, मायनर आणि त्यांच्याखाली वॉर्निंग. परिणाम जाणवण्याआधी कळवायचं ते वॉर्निंग. ‘इशारा’ तिच्यासाठी राखून ठेवा. अलार्मला अलार्मच म्हणा. “अलार्म आलाय” हे सगळ्यांना कळतं.

एआयएसला मात्र धोक्याचा संकेत म्हणू नका. ‘अ’कडून ‘ब’मार्गे ‘क’कडे सिग्नल चाललाय आणि अ-बमधलं त्या दिशेचं फायबर तुटलं, असं धरा. ‘ब’ला प्रकाशच मिळत नाही, तिथे एलओएस, म्हणजे ‘लॉस ऑफ सिग्नल’. मग ‘ब’ पुढे ‘क’कडे सगळे बिट १ असलेला सिग्नल धाडतो, तो एआयएस. त्याचा अर्थ, “मागे बिघडलंय, तुझं कार्ड उपसू नकोस.” त्याच वेळी ‘ब’ मागे ‘अ’ला कळवतो, “तुझं मला मिळत नाही.” तो आरडीआय, म्हणजे ‘रिमोट डिफेक्ट इंडिकेशन’. म्हणजे ‘अ’वर आरडीआय दिसला, तर ‘अ’चा रिसीव्हर ठीक आहे, शोधायचं ते त्याच्या लेझरपासून ‘ब’च्या रिसीव्हरपर्यंत. आरडीआयचं जुनं नाव ‘फार एंड रिसीव्ह फेल्युअर’ होतं, मला तेच जास्त बोलकं वाटतं. ओटीएन (ऑप्टिकल ट्रान्सपोर्ट नेटवर्क) या नव्या पद्धतीत त्याच कामाच्या सूचनेला ‘बॅकवर्ड डिफेक्ट इंडिकेशन’ म्हणतात. तुम्ही ‘पुढे धाडलेली सूचना’ आणि ‘मागे धाडलेली सूचना’ लिहा, म्हणजे दिशा शब्दातच येईल.

प्रश्नकर्ती: पटलं. मग ‘डिफेक्ट’ आणि ‘फेल्युअर’ दोन्हींना ‘बिघाड’ चालेल ना?

उत्तर: बोलताना चालेल, पुस्तिकेत नाही. एसडीएच (सिंक्रोनस डिजिटल हायरार्की) या ट्रान्समिशन पद्धतीत दर १२५ मायक्रोसेकंदांना एक फ्रेम, म्हणजे बाइटांचा ठरावीक गठ्ठा, येते आणि तिची सुरुवात ठरावीक बाइटांवरून ओळखतात. एखाद्या फ्रेममध्ये ते बाइट चुकले, तर ती विसंगती. सलग काही फ्रेम सापडल्या नाहीत आणि ती अवस्था ३ मिलिसेकंद टिकली, की एलओएफ (लॉस ऑफ फ्रेम) हा दोष, म्हणजे डिफेक्ट. दोष साधारण अडीच सेकंद टिकला तर बिघाड, म्हणजे फेल्युअर, आणि तेव्हा कुठे पडद्यावर अलार्म. जातानाही सुमारे १० सेकंद घेतो. कनेक्टर पुसून लावला आणि अलार्म लगेच गेला नाही, म्हणून लोक तो पुन्हा काढतात!

आणखी एक: ‘लॉस’चाही घोळ मिटवा. “लॉस किती?” याचं उत्तर डीबीत (डेसिबलमध्ये) येतं, “एलओएस आहे का?” याचं हो किंवा नाही. पहिल्याला ‘घट’, दुसऱ्याला ‘सिग्नल नाही’. ३ डीबी घट म्हणजे प्रकाशशक्ती निम्मी, पण रिसीव्हरच्या मर्यादेत असेल तर लिंक निवांत चालते. उलट लांब पल्ल्याचा लेझर, प्रकाश कमी करणारा अटेन्युएटर न लावता, आखूड पॅचकॉर्डने त्याच उपकरणाच्या रिसीव्हरला जोडून लूप केला, तर घट जवळजवळ शून्य आणि तरी चुकांचा पाऊस, कारण रिसीव्हरवर प्रकाश जास्त झालेला असतो. कधी कधी रिसीव्हर कामातूनही जातो.

प्रश्नकर्ती: शेवटचं. ‘अ‍ॅक्नॉलेज’ला ‘मान्य’ आणि ‘क्लिअर’ला ‘काढून टाकला’ लिहिलंय.

उत्तर: ‘मान्य’ नको, ‘पाहिला’. बटण दाबणारा एवढंच सांगतो की मी हा पाहिला. अलार्म तिथेच असतो. ‘काढून टाकला’ म्हटलं की तो माणसाने हटवला असं वाटतं. कारण दूर झाल्यावर उपकरण आपणहून कळवतं, तेव्हा ‘निवळला’ लिहा.