मदत हवी आहे: निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन तालुक्यातील लहान मुलांच्या घरी काय पाठवावे?

नमस्कार. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी श्रीवर्धन-मुरूड किनाऱ्याला धडकले, त्याला आता दोन आठवडे होत आले. तरीही दिवेआगरजवळच्या आमच्या गावात वीज आलेली नाही. पंप बंद असल्यामुळे नळाला पाणी नाही, आणि ज्या विहिरींवर सगळी भिस्त आहे त्यांच्यात पालापाचोळा कुजतो आहे. आम्ही मुंबईकर गावकरी मिळून एक टेम्पो पाठवत आहोत. टाळेबंदीत प्रवासासाठी लागणारा ई-पास मिळाला आहे आणि तांदूळ, डाळ, तेल, मेणबत्त्या यांची सोय झाली आहे, म्हणून जे आम्हांला ठरवता येत नाही तेवढेच विचारतो.

एका देणगीदाराने दूध पावडरीचे आणि बाटल्यांचे खोके देऊ केले आहेत. पाण्याचा भरवसा नसताना तान्ह्या बाळांना अशी पावडर दिली तर जुलाबाचा धोका वाढतो, शिवाय बाटलीची सवय लागली की आईचे दूधही कमी होते, त्यामुळे ती सरसकट वाटू नये असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु जी बाळे आधीपासूनच वरच्या दुधावर आहेत त्यांचे काय करावे? आशाताई किंवा अंगणवाडी सेविकांमार्फत केवळ त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा कोणाला अनुभव आहे का? पाणी शुद्ध करण्यासाठी क्लोरीनचे द्रावण आणि ओआरएसची पाकिटे आम्ही घेतच आहोत.

दुसरा प्रश्न छपरांचा. कौले फुटली, पत्रे उडाले, आणि पाऊस तर आता कुठे सुरू होतो आहे. सप्टेंबरपर्यंत कोकणचा पाऊस सोसेल अशी ताडपत्री किती जाडीची घ्यावी, आणि वाऱ्याने ती फाटू नये म्हणून वाशांना कशी बांधावी, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तिसरे, मुलांविषयी. भिजून एकमेकांना चिकटलेली पुस्तके ओटीवर पसरून ठेवली आहेत. ती बदलून मिळणे एक वेळ सोपे आहे. मात्र वारा सुटला की शेजारची सात वर्षांची मुलगी आईचा पदर धरून घराबाहेर पळते, रात्री झोपत नाही. अशा मुलांशी घरच्यांनी कसे बोलावे, हे कोणी बालमानसतज्ज्ञ सोप्या मराठीत लिहून देतील का? मोबाईलला रेंज नसल्याने आम्ही ते कागदावर छापून घरोघरी देऊ.

टेम्पो शनिवारी पहाटे निघेल, तेव्हा खरेदीसंबंधीच्या सूचना गुरुवार रात्रीपर्यंत मिळाल्यास फार बरे होईल.