गुडघे, वजन आणि उंडीचं तेल, कोणाला अनुभव आहे का?

पाखाडीवरची

नमस्कार मंडळी, मी गुहागर तालुक्यातली, वय ५२, उंची ५ फूट १ इंच आणि वजन ७४ किलो (इथे लपवून काय उपयोग). घर वरच्या वाडीत, आगर खाली, मधे जांभ्याची पाखाडी, ९६ पायऱ्या. गेल्या पावसाळ्यापासून उजवा गुडघा उतरताना अशी कळ मारतो की मधेच शहाळ्यांची पिशवी खाली ठेवून उभी राहते. एक्सरे काढला, डॉक्टर म्हणाले झीज सुरू झालीय, वजन कमी करा. बरं म्हटलं आणि घरी आले, वजन कसं कमी करा ते काय त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता बाजारात गेलं की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणते, आधी आठवड्यातून एखादी लागायची, हल्ली रोज एक होते. बीपीची गोळी पण चालू आहे. भीती वाटायला लागलीय म्हणून म्हटलं काहीतरी नैसर्गिक बघूया. सासूबाई म्हणतात उंडीचं तेल (उंडीच्या झाडाच्या बियांचं) चोळ, त्यांच्या आईला त्यानेच बरं वाटायचं. पण आता शुद्ध उंडीचं तेल मिळतं कुठे? कोणाला माहीत असेल तर सांगा. आणि खाण्यात काय बदल करू तेही सांगा, पण भात बंद कर असं सांगू नका, ते व्हायचं नाही.

सुरमय_फ्राय

ताई आमच्या आजीचा उपाय सांगतो. निर्गुडीचा पाला तव्यावर थोडं तेल टाकून गरम करायचा, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि शेकायचं. वीसेक मिनिटांत गुडघा मोकळा होतो, रात्री झोप लागते. पाला बांधावर फुकट मिळतो. फक्त आजीला साखर होती आणि तळपायाला संवेदना कमी, तिला एकदा शेकताना पोळलं ते कळलंच नाही, महिनाभर जखम भरत नव्हती. तेव्हा साखर असेल तर आधी कोणीतरी आपल्या हाताला लावून बघा मग शेका.

भाताबद्दल मी काही बोलत नाही, मी स्वतः ९२ किलो आहे :)

निसर्गदीप

ताई गोळ्या पहिल्या बंद करा, सगळं केमिकल आहे. कोकमातच चरबी जाळणारा घटक असतो, त्याच्या कॅप्सूल येतात, ३ महिन्यांत १२ किलो गॅरंटी. आणि गुडघ्यासाठी आमच्याकडे १०० टक्के वनस्पतीजन्य काळ्या गोळ्या आहेत, तिसऱ्या दिवशी फरक. मेसेज करा, घरपोच पाठवतो.

फिजिओ_रत्नागिरी

वरच्या माणसाला मेसेज करू नका ताई, आधी एवढं वाचा.

"तिसऱ्या दिवशी फरक" पडणाऱ्या बिनलेबलच्या काळ्या गोळ्यांमध्ये बरेचदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. फरक पडतो हे खरंच आहे, म्हणून तर लोक परत परत घेतात. मग तोंडावर सूज, साखर वाढलेली, हाडं ठिसूळ, आणि गोळी एकदम बंद केली की माणूस चक्कर येऊन पडतो. अशा अवस्थेत आलेले पेशंट मी पाहिलेत. संधिवात आणि लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे निसर्गदीप यांनाही माहीत असावं.

कोकमाचं म्हणाल तर त्यात हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड असतं ही गोष्ट खरी. पण वजन उतरवण्याच्या कॅप्सूल बहुतेक कोकमाच्या भावकीतल्या गार्सिनिया कॅम्बोजियाच्या असतात, त्यांनी उतरलं तर किलो-अर्धा किलो, आणि त्या घेऊन लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. आमटीत चार आमसुलं टाकणं वेगळं आणि त्याचा अर्क रोज गिळणं वेगळं.

आता तुमच्या गोळीकडे येते. बीपीचं औषध चालू असताना डायक्लोफिनॅकसारखी गोळी रोज घेणं खरंच धोक्याचं, बीपी वर जातं, किडनीवर ताण येतो, पोटात अल्सर होऊ शकतो. पण बीपीची गोळी मात्र "केमिकल" म्हणून सोडू नका, हे पहिलं. डॉक्टरांना सांगा की मी रोज घेतेय, बहुतेकांनी त्यांना हे सांगितलेलंच नसतं. त्याच औषधाचं जेल मिळतं, ते गुडघ्यावर लावलं तर रक्तात फार थोडं जातं, तुम्हाला चालेल का ते विचारून घ्या.

आणि तेल कुठलंही लावा हो, उंडी काय, करंज काय, तिळाचं काय, चोळल्याने आणि शेकाने बरं वाटतं यात वाद नाही (पोटात मात्र यातलं उंडी-करंज अजिबात जाऊ देऊ नका). पण तेल सांध्याच्या आत पोचून झीज भरत नाही. गुडघा धरून ठेवतो तो मांडीचा पुढचा स्नायू, तुमचा तो ढिला पडलाय म्हणून उतरताना कळ येते. पलंगावर पाय सरळ करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, तो टॉवेल गुडघ्याने खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. असं दहा वेळा, सकाळ दुपार रात्र. पंधरा दिवस काही होत नाही असं वाटेल, तरी करा.

पाखाडीचं एक सांगते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी घ्यायची ती दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही, विरुद्ध हातात, म्हणजे तुम्ही डाव्या. दहातले आठ जण उलट धरतात.

वजनाचं गणित पण बघा. १ किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण ४ किलोचा भार कमी होतो. ५ किलो उतरलं तर पावलागणिक २० किलो, मग ९६ पायऱ्यांचं तुम्हीच करा.

निवृत्त_गुरुजी

एक वेगळा मुद्दा. सांधा दुखला की सगळेजण झीज म्हणतात, मलाही दोन वर्षं तेच वाटत होतं. मग एका रात्री पायाच्या अंगठ्याचा सांधा असा सुजला, लालबुंद, चादर लागली तरी ओरडावं असं झालं. युरिक ॲसिड निघालं. आदल्या दिवशी हर्णैहून तारल्या आणल्या होत्या, ताट भरून खाल्ल्या, बरोबर मुलाने आणलेली बिअर. मासे तब्येतीला चांगले म्हणून आपण खातो आणि बांगडा-तारलीतलं तेल चांगलं असतंच, पण ज्याला युरिक ॲसिड आहे त्याने तारली, कोळंबी जपून खावी आणि बिअर बंदच करावी. तुम्हाला असं रात्री अचानक लाल सुजणं होत नसेल तर हा विषय तुमचा नाही. सूज लाल आणि गरम असेल तेव्हा शेकू मात्र नका, मी निर्गुडीने शेकून ती दुप्पट केली होती.

पाखाडीवरची

बापरे, एवढी माहिती. फिजिओ ताई, काठी मी उजव्याच हातात धरत होते! आणि हो, रोजच्या गोळीचं डॉक्टरांना नव्हतं सांगितलं, सांगते आता.

लाल सूज वगैरे नाही. अंगठा ठीक आहे.

खाण्याचं अजून कोणी बोललं नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं, दुपारी भात आमटी मासे, चारला चहा आणि खारी, रात्री परत भात. गोड मी फार खात नाही तरी वजन हलत नाही. नाचणी सुरू करू का? यूट्यूबवर सगळे नाचणी नाचणी करतात.

कुडाळची_बाय

गो बाय, "गोड खाईत नाय" म्हणतंस, मगे त्या खारीचा काय? :D माझापन तसाच होता. मी घो कामाक गेल्यावर दोन चहा नि चार खारी, कोण बघता.

आता मराठीत लिहितंय, नायतर कोणाक कळाचा नाय. माझं ६ किलो उतरलं एका वर्षात, डाएट बिएट काही नाही. मी काय केलं ते सांगते. मी आठवडाभर वहीत लिहिलं दिवसाला किती नारळ फोडते. चार माणसांच्या घरात रोज एक आख्खा! आमटीत वाटप, भाजीवर खोबरं, तिकल्यात (माशाच्या तिखट कालवणात) वाटप, रविवारी सोलकढीला वेगळा. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० कॅलरी असतात हे मला मुलीने सांगितलं तेव्हा मी तिच्याशी भांडले, नारळाला नावं ठेवते म्हणून. पण मग वाटप निम्मं केलं. एक कवड (अर्धा नारळ) आज, एक उद्या. वाटपात थोडे भाजलेले कांदे वाढवले की दाटपणा तेवढाच येतो, नवऱ्याला आजपर्यंत कळलेलं नाही. सोलकढी ऐवजी दुसऱ्या दिवशी नुसतं फुटी कढी, नारळाशिवाय.

भात सोडला नाही. फक्त ताटात आधी भाजी वाढायची, मग मासा, मग भात, आणि दुसऱ्यांदा भात घ्यायच्या आधी पाणी पिऊन जरा बसायचं. निम्म्या वेळा घ्यायचा राहून जातो. तळलेली सुरमय फक्त रविवारी, बाकी दिवस तिकलं नाहीतर तव्यावर केळीच्या पानात. पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी मिळते तेव्हा भाजीचं प्रमाण आपोआप वाढतं.

आणि कुळथाची पिठी! रात्री पिठी आणि थोडा भात. कुळथात १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आहे, पोट धरून राहतं, रात्री डबे उघडावेसे वाटत नाहीत. पिठीवर खोबरं घालू नकोस म्हणजे झालं.

फिजिओ_रत्नागिरी

बायने माझं काम केलं :) नाचणीबद्दल एवढंच की ती चांगली, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि तांदळापेक्षा चोथा बराच जास्त. पण कॅलरी तांदळाच्या जवळपासच. भात तेवढाच ठेवून वर दोन भाकऱ्या खाल्ल्या तर वजन वाढेल, हे यूट्यूबवाले सांगत नाहीत. रात्रीच्या भाताच्या जागी खा. नाचणीच्या आंबिलात साखर नको.

पेजेबरोबरचं लोणचं, खारा बांगडा, कोकमाचं आगळ, यात मीठ फार, तुमच्या बीपीला ते मोजायला लागेल. आणि एकदा शिवणाची टेप घेऊन कमर मोजा. बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर पोटाची चरबी जास्त धरतात. वजनकाटा महिनाभर हलला नाही तरी टेप कधी कधी आधी हलते.

हळदीचं कोणी विचारायच्या आधी सांगते, दुधातली, आमटीतली हळद खा, थोडी मिरी असेल तर ती अंगाला जास्त लागते. हळदीच्या जोरदार कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, रक्त पातळ करायची गोळी असणाऱ्यांनी तर नाहीच. आणि विळीवर उकिडवं बसणं बंद. ओट्यावर सुरीने चिरा किंवा विळी टेबलाला लावून घ्या, खाली बसून नारळ खवणं हा तुमच्या गुडघ्याचा रोजचा छळ आहे.

सुरमय_फ्राय

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून एक. लावणीच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्या भयंकर दुखणं एकत्र आलं तर तेलबील चोळत बसू नका, तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा ताप) असू शकतो. माझ्या चुलत्याला चिखलात उभं राहून तेच झालं, घरच्यांनी दोन दिवस पोटऱ्या चोळल्या, मग डोळे लाल झाले तेव्हा नेला. आरोग्य केंद्रात लगेच जायचं.

पाखाडीवरची

अपडेट द्यायला उशीर झाला, गणपती आले गेले. डॉक्टरांना सांगितलं, गोळी बंद करून जेल दिलं, आता अगदीच झालं तर आठवड्यातून एखादी पॅरासिटामोल. टॉवेलचा व्यायाम पहिले तीन आठवडे फुकट वाटला, नंतर एक दिवस आगरातून वर आले आणि मधे पिशवी ठेवायचं विसरलेच. वजन ७०.५. खारी बंद नाही झाली, दोनाची एक झाली. नारळाची वही मी पण केली, आमच्याकडे रोज दीड निघाला, म्हणजे बाय तुझ्याहून वाईट. मोदकांच्या दिवशी वही मिटून ठेवली होती.

गुडघा दुखायचा थांबलाय असं नाही, पाऊस लागला की ठणकतो. पण विसर्जनाला डाव्या हातात काठी घेऊन पाखाडी उतरले, वर येताना दोनदा थांबले, मागच्या वर्षी घरीच बसले होते. फिजिओ ताई, आता जिना चढण्याचा वेगळा काही व्यायाम असेल तर सांगा.

आणि सासूबाई रोज विचारतात तुझ्या त्या लोकांनी उंडीचं तेल कुठे मिळतं ते सांगितलं का. मूळ प्रश्न तोच होता हो, त्याचं उत्तर कोणीच दिलं नाही!

कुडाळची_बाय

आमच्या दर्यादेगेक उंडीची झाडां आसत गो. पन बियो येचूक वाकूक व्हया, आनि वाकलंय की माझेच गुडगे धरतत.