टोलचा आकडा नको, कोणत्या वाहनाला टोल ते लिहा

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या ऑनलाइन नकाशावर, टोलनाक्यापाशी टोलची रक्कमही लिहावी, असं एकाने सुचवलंय. मला ते पटत नाही. राष्ट्रीय महामार्गांचे दर साधारणपणे दर १ एप्रिलला बदलतात; लिहिणारा विसरला की जुना आकडा वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्यापेक्षा टोल कोणत्या वाहनाला लागतो, ते नोंदवणं जास्त गरजेचं आहे. राज्य सरकारने जून २०१५ पासून ५३ नाक्यांवर कार, जीप आणि एसटीला सूट दिली. अशा ठिकाणी रस्त्याला सरसकट 'टोल=यस' (टोल आहे) असा टॅग, म्हणजे नकाशातली माहितीची खूण, लावणं चूकच, तिथे जड वाहनांचा वेगळा टॅग हवा.

धुळ्याजवळच्या सोनगीर, लळिंग टोलनाक्यांच्या बाजूला मी मोटारसायकलवर फिरतो. दुचाकीला तिथे टोल नाही. तरी एकदा दुचाकीवरच्या भाच्याच्या मोबाइलमध्ये नकाशाच्या ॲपचा 'टोल टाळा' हा पर्याय चालू राहिला आणि ॲपने त्याला महामार्ग सोडून शेतातल्या कच्च्या रस्त्याने नेलं, तेही ऐन पावसाळ्यात, काळ्या मातीत! चाकं रुतली, पोरगं रडकुंडीला आलं. आणखी एक बघा: नाक्याचा बिंदू रस्त्याच्या रेषेवरच हवा, दोन्ही बाजूंच्या मार्गिकांवर वेगवेगळा. शेजारच्या इमारतीवर टाकलात तर मार्ग काढताना तो धरलाच जात नाही.