तोंडातल्या गाठी, फोड, पुळ्या: तुमचे अनुभव लिहा

फोंडा (धागा सुरू करणारी)
दंतवैद्याच्या दवाखान्यात मी नावनोंदणीला बसते. ओठाच्या आत गाठ, हिरडीला पुळी, गालाला आतून फोड, असं काही ना काही घेऊन माणसं रोज येतात. "दुखत नव्हतं म्हणून राहिलं" हे इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की हा धागा काढावासा वाटला. गाठ कुठे होती, दुखत होती का, किती काळ राहिली, निदान काय निघालं, ते सविस्तर लिहा. घरगुती उपाय लिहा, पण औषधांची नावं नकोत. एकाची गोळी दुसरा घेऊन बसतो.

म्हापसा
माझी मुलगी नववीत आहे. तिच्या खालच्या ओठाला आतून वाटाण्याएवढा निळसर फुगा आला. मऊ, अजिबात न दुखणारा. जेवताना दात लागून फुटला, चिकट पाणी आलं, आम्हाला वाटलं संपलं. काही दिवसांत परत भरला. मग हे चालूच राहिलं.

अभ्यासाला बसली की ओठ दातांत धरायची तिची सवय. डॉक्टरांनी समजावलं की ओठाच्या आत लाळेच्या बारीक ग्रंथी असतात. ओठ चावला जाऊन त्यांची नळी फाटली की लाळ आतच साचते. याला म्युकोसील म्हणतात. काही आपोआप जिरतात, पण परत परत भरणारा असेल तर नुसता फोडून उपयोग नसतो, खालची ग्रंथीही काढावी लागते. सुईने फोडायचा तर विचारही करू नका म्हणाले. जागा बधिर करून काढला आणि तुकडा तपासणीला पाठवला. अहवाल चांगला आला. टाके असेपर्यंत उकड्या तांदळाची गार पेज. हुमणाशिवाय, म्हणजे माशांच्या कालवणाशिवाय, तिला घास उतरत नाही, पण तिखट आणि तिरफळं पूर्ण बंद ठेवली. अजूनही पुस्तक उघडलं की आजीचा आवाज येतोच, "ओठ सोड गो बाय."

वाळपई
आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे. बाबा सकाळपासून सुपारीचं खांड गालात धरून काम करायचे. तंबाखूला त्यांनी आयुष्यात हात लावला नाही, त्यामुळे आपल्याला काही होणार नाही अशी त्यांची पक्की समजूत.

आधी तिखट सोसेनासं झालं. आईने वेगळी, बिनमिरचीची आमटी करायला सुरुवात केली, तरी गाल जळायचे. मग तोंड उघडेना. तीन बोटं उभी मावायला हवीत तिथे दोनही जाईनात. गालाला आतून बोट लावलं की दोरीसारखे कडक पट्टे लागायचे. आणि सुपारी धरायची नेमकी त्याच जागी एक टणक गाठ. रक्त नाही, पू नाही, दुखणं नाही. ती आम्हाला दिसली कारण बाबांनी एकदा आरशासमोर गाल ओढून धरला.

बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी बाबांना शेजारी बसवून शांतपणे सांगितलं: गाल असा कडक होतो त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्याचं मुख्य कारण सुपारीच, तंबाखू नसली तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगजनक ठरवलंय. ज्या झाडांवर आमचं घर चाललं, आमची शिक्षणं झाली, त्यांच्याबद्दल हे ऐकणं फार जड गेलं. बाबा तर बराच वेळ काही बोललेच नाहीत.

तुकडा तपासला, कर्करोग निघाला, पण लवकरच्या टप्प्यातला. ऑपरेशन झालं. आज बाबा जेवतात, बोलतात, तोंड उघडायचे व्यायाम करतात, ठरल्या तारखेला तपासणीला जातात. गालाचा कडकपणा राहिलाय. कुळागर असलेल्या प्रत्येक घराला माझी कळकळीची विनंती, घरच्या मोठ्या माणसांना आजच तोंड उघडून तीन बोटं घालून बघायला सांगा.

डिचोली
आईची कवळी करताना टाळूच्या मधोमध टणक उंचवटा सापडला. घर घाबरलं. तो हाडाचाच वाढलेला भाग होता, टोरस म्हणतात. निरुपद्रवी. कवळी बसण्यात अडचण आली तरच काढतात.

मडगाव
हिरडीवर पुळी यायची, फुटून खारट पू यायचा, बरं वाटायचं, पुन्हा यायची. दात आतून मेलेला होता आणि मुळाशी साचलेला पू वाट काढत होता. वाट मिळाली की दाब कमी होतो म्हणून दुखणं थांबतं, आजार तिथेच असतो. गोळ्यांनी तात्पुरतं दबलं. रूट कॅनल केल्यावर पुळी गेली ती गेलीच.

पेडणे
लहान मुलांच्या आईबाबांसाठी लिहिते. काजूच्या दिवसांत भाटात (बागेत) बोंडं गोळा करताना भाच्याने कच्ची बी दातांनी फोडली. ओठ सुजला आणि नंतर आतून-बाहेरून फोड आले. टरफलातलं तेल फार दाहक असतं. चुळा भरायला लावा, बाहेरची कातडी साबणाने धुवा, फोड फोडू नका. श्वासाला किंवा गिळायला त्रास वाटला तर सरळ हॉस्पिटल गाठा.

काणकोण
मला पाचवा महिना चालू आहे. पुढच्या दोन दातांमध्ये हिरडीला लालभडक गाठ आलीय, ब्रश लागला की रक्त येतं. वाळपईच्या ताईंचं वाचून रात्री झोप लागली नाही. कुणाला असं झालंय का?

साखळी (दंतवैद्य)
काणकोणच्या ताई, गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरडीला अशी गाठ येते. ती कर्करोग नसते आणि बाळंतपणानंतर बहुतेकदा लहान होते किंवा जाते. पण न बघता मी निदान करणार नाही, म्हणून दाखवून या. दातांच्या उपचारांना चौथा ते सहावा महिना सोयीचा, म्हणजे तुमची वेळ योग्य आहे. गरोदर असल्याचं आधीच सांगा. तोवर मऊ ब्रश वापरा. रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका, किटण साचलं की गाठ आणखी चिघळते. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरा.

बाकीच्यांसाठी: तोंड आलं तर ते साधारण दोन आठवड्यांत बरं होतं. त्याहून जास्त टिकलेली कुठलीही गाठ, जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दाखवाच, दुखत असो वा नसो. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही. तुटक्या दाताची धार किंवा सैल कवळी घासूनही गालाला गाठ येते, तेव्हा दाताची धार दंतवैद्याकडून गुळगुळीत करून घ्या, कवळी दुरुस्त करून घ्या. लवंगेचं तेल नुसतं लावू नका, भाजतं. ताप, डोळ्याकडे किंवा मानेकडे पसरणारी सूज असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

जिभेच्या अगदी मागे ओळीने दाणे दिसतात ते सगळ्यांनाच असतात. मोबाईलच्या उजेडात ते पाहून घाबरलेले बरेच जण माझ्याकडे येतात.

काणकोण
उद्या सकाळीच जाते. डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहीन.