बी.एस्सी. नर्सिंग: ४५ टक्के नेमके कशाचे?

प्रश्न: बहिणीला बारावी सायन्सला एकूण ५८ टक्के आहेत, पण पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ३०० पैकी १३१. खुला प्रवर्ग. प्रवेश मिळेल का?

उत्तर १: नाही. एकूण टक्के इथे चालत नाहीत. पीसीबीचे तिन्ही विषय मिळून ४५ टक्के, म्हणजे १३५ लागतात, चार गुण कमी पडतायत. एससी-एसटीला १२० पुरतात. इंग्रजीत पास हवंच. श्रेणीसुधारला, म्हणजे गुण वाढवायला पुन्हा बारावीच्या परीक्षेला बसवा. सीईटीही द्यावीच लागेल, आणि ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवं.

उत्तर २: वर्ष घालवायचं नसेल तर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) बघा: बारावीला एकूण ४० टक्के, इंग्रजीतही ४० टक्के. पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी. (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी) करता येतं.

उत्तर ३: नर्सिंगला जायचंच असेल तर हिपॅटायटिस-बीची लस आजच सुरू करा. डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी. वॉर्डात पाठवायच्या वेळी घाई केली तर तिसरा राहतो. लसीचं कार्ड जपा.